पॅनासॉनिकची घरघर आणि एक ब्रदर : 'द माउंटन गोट्स' ऐकताना

आधी घरघर येते. गिटार नंतर, आणि गळा त्याच्याही नंतर. टेपच्या आत मोटर फिरत असते, चाकं घासत असतात आणि तो आवाज गाण्याच्या बुडाशी शेवटपर्यंत राहतो. 'द माउंटन गोट्स' या अमेरिकी बँडची 'ऑल हेल वेस्ट टेक्सस' ही सीडी पहिल्यांदा लावली तेव्हा मला वाटलं, आमचा डीव्हीडी प्लेअरच बिघडला. उठलो, सीडी काढली, बनियनच्या टोकानं पुसली, परत लावली. घरघर जिथल्या तिथं. पुण्याच्या भाच्याला फोन लावला तर तो म्हणाला, "मामा, ते तसंच हाये. त्यानं घरच्या टेपवर गायलं ते. पुसू नका, आयका."

ही सीडी भाच्यानंच दिली होती. २०१८ च्या दिवाळीला तो गावी आला, गिटार घेऊन आला, आणि त्याच्या कुण्या मित्रानं अमेरिकेतून आणलेली ही सीडी माझ्या हातात ठेवून गेला. तेव्हापासून मी ऐकतोच आहे. आता एवढ्या वर्षांनी तिच्याबद्दल लिहायला बसलो, तर एका सीडीपुरतं लिहिता येत नाही. तिच्या मागची अकरा वर्षं आणि पुढची वीस-बावीस वर्षं धरूनच बोलावं लागतं.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-नेरच्या पट्ट्यात, एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. पुरुष म्हणून मला 'ब्रदर' म्हणतात. म्हातारी माणसं 'बिरादर' म्हणतात. हे इथं सांगायचं कारण असं की या सीडीवर गाणारा माणूसही ब्रदरच होता. जॉन डार्नील त्याचं नाव. कॅलिफोर्नियात नॉरवॉक नावाच्या गावी एक सरकारी मनोरुग्णालय आहे, तिथं तो मनोरुग्णांचा नर्स म्हणून काम करायचा. त्याच दिवसांत त्यानं गिटारवर गाणी बांधायला घेतली आणि १९९१ मध्ये पहिली कॅसेट काढली. ती काढणारी श्रिम्पर ही कंपनी म्हणजे तिकडच्याच भागातल्या एका माणसानं चालवलेलं लहानसं काम होतं. मोठा स्टुडिओ नाही, वादकांचा ताफा नाही, जाहिरात नाही. नाव मात्र बँडचं घेतलं, 'द माउंटन गोट्स', म्हणजे पहाडी बकऱ्या. पुढे कितीतरी वर्षं त्या नावाखाली बहुतेक वेळा तो एकटाच असायचा, कधी सोबतीला एखादा बेस गिटार वाजवणारा.

मला गाण्यातलं फार कळतं असा माझा दावा नाही. पण ड्युटी मला कळते. आमच्या शिक्षणात मानसिक आजारांची पोस्टिंग असते, ती मी नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात केली. वय एकवीस. पहिल्या दिवशी कानात राहिला तो किल्ल्यांचा आवाज. प्रत्येक दार उघडून आपल्यामागे लावायचं, आणि लावलं की ओढून पाहायचं. जेवण झालं की ताटं-वाट्या मोजून घ्यायच्या. रात्री कुणीतरी एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहायचं. आपण त्याला थांबवायचं नसतं, ओळ कुठवर आली तेवढं ध्यानात ठेवायचं असतं. अशा ड्युटीहून माणूस खोलीवर येतो तेव्हा त्याच्या अंगात एक विशिष्ट जाग असते. झोप येत नाही आणि कुणाशी बोलायलाही जीव होत नाही. डार्नीलची जुनी गाणी त्या जागेपणातली आहेत, हे मला पहिल्या रात्रीच कळलं. ती लहान आहेत, दोन-तीन मिनिटांची. लिहून झालं की त्याच दिवशी टेपचं बटण दाबायचं आणि गाऊन टाकायचं, अशी त्याची रीत. उद्याला ठेवलं तर ते गाणं उद्याचं होईल, तसा त्याचा घाईचा हात.

तो टेप होता पॅनासॉनिकचा, आरएक्स-एफटी ५००. दोन स्पीकरचा, हातात धरून न्यायचा साधा घरगुती टेपरेकॉर्डर. अशा टेपमध्ये माइक आतच बसवलेला असतो, मोटरपासून जेमतेम वीतभर लांब. मोटरचा आवाज तो उचलणारच. शिवाय अशा टेपांत आवाजाची पातळी टेप स्वतःच सांभाळतो, मोठा आवाज आला की दाबतो, शांत झालं की वर ओढतो. ही गोष्ट एकदा ध्यानात आली की गाणी वेगळी ऐकू येतात. गिटारवर जोराचा हात पडला की गळा जरासा मागे सरकतो. ओळ संपवून तो श्वास घेतो तेवढ्यात घरघर वर चढते, पुढचा शब्द आला की परत खाली बसते. रात्री वार्डात असंच असतं. कुणी बोलत असलं तर पंख्याचा आवाज नसतोच. बोलणं थांबलं की पंखा ऐकू येतो, ऑक्सिजनच्या बाटलीतले बुडबुडे ऐकू येतात.

आणि आमच्या घरातही असाच आवाज होता, तो मी विसरलो होतो.

बाबा खंजिरीवर भजन म्हणायचे. आमच्या गावात श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सायंप्रार्थना चुकत नसे, आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं हीच आमच्या घरची गाणी. विदर्भातल्या माणसाला एकटा माणूस आणि एक वाद्य यात काही नवल वाटत नाही. महाराजांनी खंजिरीच्या जोरावर अख्खी गावं जागी केली. गाडगेबाबांनी हातात काठी घेऊन कीर्तनात माणसं रात्र-रात्र बसवून ठेवली. तबला-पेटीवाचून अडत नव्हतं. बाबांनी एकदा नागपूरच्या सीताबर्डीहून नॅशनल पॅनासॉनिकचा टेप आणला, एक स्पीकरवाला, पुढं काळी मूठ. त्यावर त्यांनी स्वतःची दोन कॅसेटी भजनं भरून ठेवली होती. ते गेल्यावर टेप माळ्यावर गेला.

डार्नील ऐकून महिना झाला असेल, मी तो टेप खाली काढला. लावला तर फिरेना. यवतमाळला एक जुने कारागीर आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी मागचं झाकण काढून दाखवलं. आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता, चाकाला चिकटला होता. त्यांनी तो काडीनं खरवडून काढला, हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, नवा पट्टा चढवला. कॅसेट तिथंच लावून पाहिली. आधी घरघर आली. मग खंजिरी. खंजिरीचा ठोका पडला की बाबांचा आवाज बुडायचा आणि ठोक्यांच्या मधून परत वर यायचा. शेजारची पिठाची चक्की चालू होती, तीही त्यात. आणि एका भजनाच्या मध्येच आईचा आवाज, "अजी, चहा थंडा होऊन रायला ना." बाबा थांबले नाहीत. पुढची ओळ जरा घाईत म्हटली एवढंच.

कारागीर म्हणाले, "हे पुसता येते, कम्प्युटरवर. चक्की काढून टाकतो म्हटलं तर निघते."

मी म्हटलं, राहू द्या जी.

आता सीडीकडे. 'ऑल हेल वेस्ट टेक्सस' २००२ च्या फेब्रुवारीत आली. तेव्हा डार्नील आयोवात राहायचा. आयोवा म्हणजे मका आणि सोयाबीनचा मुलूख, सोयाबीन म्हटलं की आमच्या माणसाला निदान वावर तरी डोळ्यांपुढे येतं. सीडीत चौदा गाणी आहेत. सात माणसं, दोन घरं, एक मोटरसायकल आणि किशोरवयीन मुलांना कुलपात ठेवणारी एक उपचारसंस्था, एवढ्यांची ही गाणी, असं वरच्या कव्हरवरच छापलंय. मला हे कव्हर वाचून नर्सेस रिपोर्ट आठवला. आम्हीही ड्युटी संपवताना असंच लिहितो, किती जण, कुठल्या खाटेवर, कशानं, किती वाजता. विशेषणं लिहीत नाही. त्यानंही लिहिली नाहीत.

पहिलंच गाणं टेक्सासमधल्या डेंटन गावातल्या दोन पोरांचं. त्यांना मेटलचा, म्हणजे दणदणाटी रॉकचा, बँड काढायचाय, नाव काय ठेवायचं यावर त्यांचा खल चाललाय. मग मोठी माणसं ठरवतात की यातल्या एकाला दूर कुठंतरी पाठवून दिलं पाहिजे, आणि पाठवतात. पोराचं पुढं काय होणार ते गाणारा सांगतो, आणि सांगताना तो पूर्णपणे पोरांच्या बाजूनं उभा असतो. शेवटी तर त्यांच्या वतीनं ओरडतोच. तिथं टेपला तो आवाज झेपत नाही, कडा फाटतात. मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कुलपाच्या आत काम केलेल्या माणसानंच हे लिहिलंय. आत येणाऱ्या पोराचे कागद त्यानं पाहिलेत, आणि कागदावर जे लिहिलेलं नसतं तेही पाहिलंय.

दुसरं गाणं एका शाळकरी फुटबॉलपटूचं. गावाचा लाडका खेळाडू, गुडघा जातो, खेळ जातो, मग तो नशेचा माल विकायला लागतो आणि साध्या वेशातल्या पोलिसालाच विकतो. सतराव्या वर्षी मोठ्या माणसासारखा खटला. हे सगळं जेमतेम दोन मिनिटांत. आमच्याकडे कबड्डी खेळणारी पोरं गुडघा धरून येतात. मी पट्टी बांधतो, यवतमाळची चिठ्ठी देतो. पुढं त्यांचं काय झालं हे बहुतेक वेळा कळत नाही. कधी बसस्टँडवर एखादा दिसतो, लंगडत, ओळख न देता बाजूला होतो. त्या गाण्यात डार्नील त्या पोराची कीव करत नाही, त्याला उपदेशही करत नाही. घडलं तसं ओळीनं सांगतो आणि थांबतो. त्यानंतर घरघर दोन क्षण उरते, ती मला ऐकवत नाही.

ही सीडी ऐकताना मला २०१७ चा हंगाम वारंवार आठवतो. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, दमट हवा होती, आणि फवारणी करणाऱ्यांच्या तोंडावरच औषध येत होतं. विषबाधेनं जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. आमच्याकडे ते आधी येत. घामानं थबथबलेले, तोंडातून लाळ, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. कपड्यांना असा वास की कपडे काढून अंग साबणानं धुतल्याशिवाय जवळ उभं राहवत नसे. या विषावरचं औषध, ॲट्रोपीन, द्यायचं, दर दहा-पंधरा मिनिटांनी बाहुली, नाडी, छाती पाहायची, परत द्यायचं. जास्त झालं की माणूस बरळायला लागतो, हवेतलं काहीतरी पकडायला जातो. एक जण रात्रभर हवेत पंपाचा दांडा मारत होता. त्याची बायको मला म्हणाली, "बिरादर, ह्याले सांगा ना, तास संपला म्हणून." तास म्हणजे पिकाची ओळ. मी त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, भाऊ, तास संपला, घरी चाला. हात थांबला. पहाटे एकशे आठमध्ये घालून त्याला यवतमाळला रवाना केलं. तो वाचला.

हे मी कधी कुठं लिहिलं नव्हतं. या सीडीनं ते लिहिता येतं असं वाटायला लावलं, एवढं मोठं काम कुण्या गाण्यानं माझ्यासाठी याआधी केलं नव्हतं.

आता या सीडीच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांबद्दल. १९९१ पासूनच्या कॅसेटी, लहान तबकड्या, १९९४ ची 'झोपिलोट मशीन', १९९५ ची 'स्वीडन', १९९७ ची 'फुल फोर्स गेल्सबर्ग', २००० ची 'द कॉरोनर्स गॅम्बिट'. विखुरलेली गाणी पुढं तीन संग्रहांत बांधली गेली, त्यामुळे आज ती मिळतात. गाणी शेकड्यांनी आहेत. भाच्यानं मला सगळी पेन ड्राइव्हवर भरून दिली आणि मी ती पावसाळाभर ऐकली. खरं सांगतो, सगळी ऐकायची गरज नाही. एकाच वेगानं हात चालवलेली, एकाच पट्टीत ओरडलेली बरीच आहेत, आणि विसाव्या गाण्यानंतर कान सुन्न होतो. पण त्यातही दोन धागे सापडले तर मजा आहे. एक, 'गोइंग टू' म्हणून सुरू होणाऱ्या नावांची कितीतरी गाणी, पुढं प्रत्येक वेळी नवं ठिकाण. माणूस इथून उठून तिथं चाललाय, तिथं गेलं की सगळं ठीक होईल असं त्याला वाटतंय. गाव सोडून सुरतेला, पुण्याला गेलेली माणसं ज्यांच्या घरात आहेत त्यांना हे लगेच कळेल. दुसरा धागा एका नवरा-बायकोचा. दोघं पितात, भांडतात, एकमेकांवाचून राहतही नाहीत. त्यांची गाणी कॅसेटीमागून कॅसेटीत येत राहतात, नावात 'अल्फा' हा शब्द घेऊन.

त्याच २००२ मध्ये, नोव्हेंबरात, या जोडप्याची सगळी कहाणी एका जागी आली, 'टॅलाहासी'. फेब्रुवारीत घरचा टेप आणि नोव्हेंबरात फोरएडी या ब्रिटिश कंपनीसाठी खराखुरा स्टुडिओ. एका वर्षात एवढी मोठी उडी. घरघर गेली. भाच्याच्या मते इथून खरा डार्नील सुरू होतो, शब्द नीट ऐकू येतात, पीटर ह्यूजचा बेस आहे, गाण्याला जागा आहे. मला सुरुवातीला पटेना. चक्की पुसल्यासारखं वाटलं. पण 'टॅलाहासी' मी पाच-सहा वेळा ऐकली आणि माझं मत बदललं. पडक्या घरात राहायला गेलेलं ते जोडपं, ते एकमेकांना जे बोलतात ते ऐकायला स्वच्छ आवाजच हवा होता. दारूचं घर मी जवळून पाहिलंय, ड्युटीत आणि नात्यात. त्या घरात प्रेम नसतं असं बाहेरचे म्हणतात. हा माणूस तसं म्हणत नाही, आणि म्हणूनच त्याची गाणी ऐकून भीती वाटते.

मग २००५ ची 'द सनसेट ट्री'. ही त्यानं स्वतःच्या घराबद्दल केली. सावत्र बाप मारकुटा होता, तो गेल्यावर ही गाणी आली. आधी बहुतेक वेळा तो दुसऱ्यांची माणसं गात होता, इथं त्या खाटेवर तो स्वतः आहे. कोवळ्या वयाचा पोरगा घरातला आवाज चढला की आपल्या खोलीत जाऊन रेकॉर्ड लावतो, कान त्या आवाजाला लावून बसतो. मला कुणी एकच अल्बम सांगा म्हटलं, आणि ऐकणाऱ्याला घरघर सोसवणार नसेल, तर मी ही सांगतो. माझ्या ओळखीतल्या एका पोराला, ज्याच्या घरी असंच चाललं होतं, ती मी दिली. त्यानं काही म्हटलं नाही. मोबाइलवर त्यातलं एक गाणं रिंगटोन करून ठेवलं.

त्याच्या पुढच्या वर्षांबद्दल थोडक्यात. बँड खरोखर बँड झाला, ड्रमवर जॉन वुर्स्टर आला, पुढं वाऱ्याची, म्हणजे फुंकून वाजवायची, वाद्यं आली. २०१५ ची 'बीट द चॅम्प' सगळीच्या सगळी कुस्तीवर आहे, त्याच्या लहानपणी टीव्हीवर दिसणाऱ्या कुस्तीवर. जत्रेची दंगल पाहायला वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेल्या माणसाला ती आवडावीच, मला फार आवडली. २०१७ ची 'गॉथ्स' गिटारशिवाय केली आहे. ती मला धरता आली नाही. दोनदा लावली, दोनदा मध्येच बंद केली. मधल्या काळात त्यानं कादंबऱ्याही लिहिल्या. 'वुल्फ इन व्हाइट व्हॅन' ही २०१४ ची, ती तिकडच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या लांब यादीत होती. भाच्यानं आणून दिली आहे, अर्धी झाली.

आणि मग २०२०. मार्चमध्ये टाळेबंदी आली. आमच्या रुग्णालयात तपासणीची रांग गेटबाहेर, सुरत-पुण्याहून पायी आलेली माणसं शाळेच्या खोल्यांत चौदा दिवस. किट घातलं की सहा-सात तास पाणी प्यायचं नाही. घरी मी मागच्या दारानं यायचो, न्हाणीत आंघोळ, कपडे गरम पाण्यात, आणि परसातल्या खाटेवर झोपायचो. बायको ताट ओसरीवर ठेवून आत जायची. एप्रिलमध्ये भाच्यानं एक लिंक धाडली, खाली एवढंच लिहिलं, "मामा, टेप परत काढला त्यानं."

तिकडेही दौरे बंद झाले होते. बँडमधल्यांची, सोबत काम करणाऱ्यांची कमाई थांबली होती. डार्नीलनं घरी बसून जुना पॅनासॉनिक काढला आणि एकट्यानं दहा गाणी भरली, 'सॉन्ग्ज फॉर पिएर शुव्हां'. शुव्हां हा फ्रेंच इतिहासकार. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म पसरत गेला तेव्हा जुने देव धरून बसलेली शेवटची माणसं कशी राहिली, यावर त्याचं पुस्तक आहे, ते वाचता वाचता ही गाणी झाली. विकून आलेला पैसा सोबतच्या माणसांसाठी. परसात खाटेवर पडून मी ते लावलं. ईअरफोन किटच्या घामानं गेला होता, म्हणून फोन स्टीलच्या गिलासात उभा ठेवला. गिलासातून आधी घरघर आली.

अठरा वर्षांनंतर तोच टेप. गळा जाड झालेला, वय झालेलं. पण हात तोच. पहिल्या गाण्याला मी उठून बसलो. देवळं बंद होती, प्रार्थनेची घंटा बंद होती, आमच्या गावात सायंप्रार्थनेला कुणी जमत नव्हतं. दुसऱ्या काठावरचा एक ब्रदर मात्र आपल्या खोलीत बसून ज्यांचे देव गेले त्यांची गाणी म्हणत होता. त्या रात्री मी दहाही ऐकली आणि सकाळी आठला ड्युटीवर गेलो.

ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. 'ऑल हेल वेस्ट टेक्सस' घ्याल तर मर्ज कंपनीनं २०१३ मध्ये परत काढलेली आवृत्ती घ्या, तीत सात जादा गाणी आहेत आणि त्याचं स्वतःचं टिपण आहे. ते टिपण मी डिक्शनरी घेऊन दोन रात्रींत वाचलं, आणि त्यानंतर सीडी पुन्हा पहिल्यापासून ऐकली. इंग्रजी हा अडथळा आहे, लपवत नाही. तो भराभर बोलतो, गावांची नावं, गाड्यांची नावं, बायबलमधली नावं येतात. पण शब्द छापून समोर ठेवले तर दहावीच्या इंग्रजीवरही चालतं, कारण त्याची वाक्यं साधी आहेत. चांगल्या महागड्या स्पीकरची गरज नाही. जुन्या गाण्यांना तर गिलासच बरा.

सध्या मी 'जेनी फ्रॉम थीब्ज' ऐकतोय, २०२३ ची. 'ऑल हेल वेस्ट टेक्सस'मधली कावासाकी मोटरसायकलवाली जेनी, तिची पूर्ण गोष्ट एकवीस वर्षांनी त्यानं सांगायला घेतली. पश्चिम टेक्सासातलं तिचं घर, ज्यांना कुठं जागा नाही ते तिथं येऊन टेकतात. आवाज भरलेला आहे, वाऱ्याची वाद्यं आहेत, घरघरीचा मागमूस नाही. पहिल्यांदा मला ती परकी वाटली. आता तिसऱ्यांदा ऐकतोय तर ते घर दिसायला लागलंय, दार कुठं आहे ते कळतंय. दोन गाणी अजून हाती लागलेली नाहीत. त्यांचे शब्द छापून घेतलेत, घडी करून ड्युटीच्या पिशवीत ठेवलेत, आज रात्री राउंड झाला की वाचतो.